अक्षरे खाली करून बसवायची पाटी

मी हे लिहायला बसले त्याला कारण एक दगडवाला आहे. काल सकाळी त्याचा फोन आला. काळ्या संगमरवरावर माझे नाव, जन्मसाल आणि 'यांच्या स्मरणार्थ, सेवा क्लबतर्फे' एवढे कोरून झाले आहे, पुढे जागा मोकळी ठेवली आहे, असे म्हणाला. "दुसरं साल कधी कळवाल?" मी म्हटले, परवा सफाक्सच्या इस्पितळात जाते आहे, सोमवारी हृदयाची झडप बदलणार आहेत, त्यानंतर चौकशी करा. फोन ठेवला आणि लक्षात आले की जे मला खरोखर नोंदवून ठेवायचे आहे ते कुठेच नोंदलेले नाही.

सबब मी, शाद्लिया बिन सासी, वय एकाहत्तर, अविवाहित, रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका, राहणार हूमत सूक, जेरबा बेट, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना स्वतःच्या हाताने हे लिहीत आहे. डॉक्टरांनी चिडायचे नाही असे बजावले आहे. ते पाळून लिहीन याची हमी देत नाही.

कलम पहिले. कायद्याने माझ्या मिळकतीच्या एक तृतीयांश भागावर माझी मर्जी चालते. उरलेले सर्व माझा एकुलता भाऊ तिजानी, किराणा दुकानदार, राहणार पॅरिस, याचे. घर त्याच्या वाट्यात धरावे. झडपेची बातमी कळल्यावर त्याने फोन केला होता. "ताई, घराचं काय ठरवलंयस?"

"सध्या त्यात मी राहते."

"तसं नाही गं. तब्येत कशी आहे?"

प्रश्नांचा क्रम फक्त नोंदवून ठेवते. घराचे पर्यटकांसाठी विश्रामगृह करायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे. मेल्यावर मी अडवू शकत नाही. एकच सांगते. अंगणात पोहण्याचा तलाव खणू नये. तिथे आपल्या आजोबांनी बांधलेला पावसाच्या पाण्याचा हौद आहे, आणि शेजारीण हबीबा हयात आहे तोवर तिला त्यातले पाणी भरू द्यावे. तिच्या नळाला खारट पाणी येते, तेही आले तर.

कलम दुसरे. क्लबच्या सोडतीत मला लागलेले लोकरीचे कांबळे हबीबाला. पाणी तपासायची काचेची भांडी, तराजू आणि त्यांच्या पेट्या आमच्या वस्तीच्या शाळेला. कुसकुस वाफवायचे तांब्याचे मोठे भांडे फौज़ी हॉटेलवाल्याच्या बायकोने रमज़ानच्या जेवणासाठी नेले होते. कोणत्या रमज़ानला ते आता दोघींनाही आठवत नाही. ते तिलाच दिले असे समजावे. मागून मागून मी थकले आणि तिला सवय झाली.

कलम तिसरे. माझ्या मर्जीचा एक तृतीयांश भाग सेवा क्लबला. हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल, कारण मंगळवारच्या जेवणात माझ्याइतकी भांडणे कोणी केलेली नाहीत. पुरुषांच्या त्या क्लबात पहिली बाई म्हणून मला घेतले तेव्हा कितीतरी महिने चहा ओतायला माझ्याकडेच किटली सरकवत असत. एका मंगळवारी मी ती फौज़ीच्या बशीत रिकामी केली. त्यानंतर किटली फिरती झाली.

पण क्लबने कामे केली आहेत, आणि ती खरी आहेत. वर्गणी, रमज़ानच्या जेवणाची तिकिटे आणि विणकरांनी दिलेल्या कांबळ्यांची सोडत, यांतून म्हाताऱ्यांना चष्मे मिळाले. दवाखान्याच्या पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार झाला. शाळेचा पडका हौद पुन्हा बांधून झाला, तेव्हापासून वस्तीतली मुले घरून बाटली न घेता शाळेत येतात. हे मी पाहिले आहे.

दोष वेगळा आहे. दर जुलैत अध्यक्ष बदलतो. नव्या अध्यक्षाला नवे काम लागते, नव्या कामाला नवी पाटी. जुन्या कामाच्या डागडुजीवर पाटी लावता येत नाही, म्हणून डागडुजी होत नाही. उताराचा कठडा निखळला आहे. त्याला धरून चढणारी एक म्हातारी पडली. तिच्या चष्म्याची काच फुटली, आणि तो चष्माही आमच्याच क्लबने दिलेला होता. मी बैठकीत विचारले, आता हिला कोणत्या वर्षाच्या अध्यक्षाकडे पाठवू? सगळे माशाचे काटे काढू लागले.

(मध्येच उठून गच्चीवर जाऊन आले. आग्नेयेकडून वारा आहे. समुद्रावर ढग जमले आहेत. मला हे लवकर संपवले पाहिजे.)

शाळेच्या हौदाबद्दल स्पष्ट लिहिते, कारण सगळे तिथेच अडले आहे. आमच्याकडे हौदाभोवती उतरते फरसबंद अंगण असते. त्यावर पडलेले पाणी आत जाते. शरदातला पाऊस यायच्या आधी ते झाडून, चुन्याने पांढरे करतात. पाऊस आला की पहिले पाणी बाहेर वाहून जाऊ देतात आणि मगच बोळा काढून हौदाचे तोंड उघडतात. हे बेटावर सगळ्यांना माहीत आहे. फौज़ीलाही माहीत होते. तरी त्याच्या अध्यक्षपदाच्या वर्षी त्याने शाळेच्या अंगणावर निळ्या तैलरंगाने क्लबचे चिन्ह काढून घेतले, कारण विमानातून उतरणाऱ्या पाहुण्यांना ते दिसावे अशी त्याची इच्छा होती. पाहुण्यांना दिसले की नाही ठाऊक नाही. हिवाळ्यात रंगाचे पापुद्रे हौदात उतरले आणि मुलांच्या पेल्यात आले. भरलेला हौद उपसून टाकावा लागला. पुढे पाऊसच झाला नाही. शाळेचे उरलेले वर्ष मुलांनी टँकरची वाट पाहत काढले. फौज़ी अजून म्हणतो, "रंग महागातला होता."

यंदा अंगण ऑगस्टअखेर पांढरे व्हायचे होते. अजून झालेले नाही. अध्यक्ष नौफल, दातांचा डॉक्टर, माझा जुना विद्यार्थी. पुढच्या गुरुवारी वालीसाहेब, म्हणजे प्रांताचे राज्यपाल, येणार, पहिला ब्रश ते मारणार, फोटो निघणार, आणि माझी ती काळी पाटी उघडली जाणार, असे त्याने ठरवले आहे. ढगांना हे कळवलेले नाही.

इथवर लिहिले तोच नौफल आला. तब्येतीची चौकशी करायला, खजूर घेऊन. त्याच्याशी झालेले बोलणे या कलमाचा भाग समजावे.

मी म्हटले, "मी जिवंत असताना माझी पाटी कोरलीस."

"बाई, मान म्हणून. तुम्ही बऱ्या होऊन आलात तर तुमच्याच हस्ते उघडू."

"आणि नाही आले तर साल टाकायला सोपं. अंगण कधी पांढरं होणार?"

"गुरुवारी म्हटलं ना. सात दिवसांचा तर प्रश्न आहे."

"पाऊस उद्या आला तर? उन्हाळाभराची धूळ, कबुतरांची घाण, फौज़ीच्या रंगाची उरलेली खपली, सगळं आत. पोरं काय पिणार? तुझा फोटो?"

"तोंड बंद ठेवू हौदाचं."

"मग पाणी वाया. गेल्या वर्षी मोठा पाऊस एकदाच झाला. विसरलास?"

तो म्हणाला, "वालीसाहेबांच्या कचेरीला पत्र गेलंय. ब्रश मारायला बोलावलंय. आता भिंत आधीच रंगवून ठेवली म्हणून कसं सांगू?"

"भिंत नाही, अंगण. वर्गात असाच प्रश्न न वाचता उत्तर लिहायचास. सांग, काम झालंय, आता पाणी प्यायला या."

"पाणी पितानाचा फोटो कोण छापतं, बाई?"

"कुणी नाही. म्हणून तर तो माणूस खरंच पितोय असं वाटेल."

मी त्याला वरचे कलम वाचून दाखवले, आणि माझा हिस्सा फक्त जुन्या कामांच्या देखभालीवर खर्च व्हावा, त्यातून एकही पाटी करू नये, अशी अट आहे हे सांगितले. अंगणाची अटही घालणार होते, की पावसाआधी पांढरे झाले नाही तर क्लबला काहीही नाही. लेखणी उचललीसुद्धा. तो म्हणाला, "ते लिहू नका. पैशासाठी केलं असं व्हायला नको." मी लेखणी ठेवली. त्याने करतो असेही म्हटले नाही. खजुरांची पेटी तशीच ठेवून निघून गेला.

त्यामुळे ती अट लिहिलेली नाही. चांगले केले की नाही मला कळत नाही. हबीबा जेवायला बोलावते आहे, मी घरात येरझारा घालते आहे. गाडी उद्या सकाळची आहे. चुना, लांब दांड्याचे ब्रश आणि बादल्या मी आजच शाळेत पोचवल्या आहेत. स्वतः उचलून नाही. हबीबाच्या सुनेच्या गाडीतून. डॉक्टरांनी हे वाचल्यास समाधान मानावे.

कलम चौथे. काळी पाटी वाया घालवू नये. शाळेच्या हौदाच्या तोंडाशी गाळ बसायला छोटा खड्डा आहे. त्यावरची फळी कुजली आहे. ही पाटी तिथे अक्षरे खाली करून झाकण म्हणून बसवावी. दुसरे साल कोरू नये. दगडवाल्याने कोरणावळ मागितल्यास ती ज्याने कोरायला सांगितले त्याने द्यावी.

कलम पाचवे. दफन साधे, नेहमीच्या कबरस्तानात. क्लबने भाषण करू नये. फौज़ीला बोलायचेच असेल तर आधी भांडे परत करावे.

हे सर्व वाचून, समजून, सही केली.
शाद्लिया बिन सासी
हूमत सूक, गुरुवार, १९ सप्टेंबर २०१९

साक्षीदार: १) हबीबा बिन मेसऊद, शेजारीण. कांबळे घ्यायला नकार दिला आणि म्हणाली, "मला वारस करू नका, परत या." त्यामुळे कलम दुसऱ्यातील कांबळे रद्द, आणि तिची साक्ष चालते. पाणी भरायची मुभा हा जुना शेजारधर्म आहे, वारसा नव्हे.
२) नौफल तरारी, दंतवैद्य. त्याला व्यक्तिशः काही मिळत नसल्याने साक्षीस हरकत नाही. सही शुक्रवारी सकाळी.

हस्तांतराची नोंद, शुक्रवार, २० सप्टेंबर, गाडी दारात उभी असताना: शाळेच्या मुख्याध्यापिका रौदा यांच्या हाती दिले: हौदाच्या कुलपाची किल्ली, तोंडाचा कापडी बोळा, पाणी तपासायच्या पेट्या. पहिला पाऊस वाहून जाऊ द्यायचा हे त्यांनी माझ्यासमोर मोठ्याने म्हणून दाखवले. चुना यापूर्वीच पोचला होता. त्यातला उरला नाही, असे त्या सांगतात. पाटी दगडवाल्याकडून आणून खड्ड्यावर बसवली आहे. पाऊस अद्याप आलेला नाही.

दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीशेजारी कागदावर पांढरा डाग आहे. सही करताना त्याच्या हाताला ओला चुना होता. ती खाडाखोड समजू नये.