ज्युलियसदादांच्या कोटातला धूर

नंदाखाल,
मंगळवार, ६ फेब्रुवारी १९७९

आदरणीय ज्युलियसदादा यांस,

धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे सिप्रियनचा, नंदाखालहून मनापासून नमस्कार.

तुमची प्रकृती चांगली असेल आणि बहारीनची हवा मानवत असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे देवदयेने बरे आहोत. तुमच्या आई, आमच्या अँजेलिना काकी, यांचा गुडघा थंडीत जरा कुरकुरतो, पण चर्चमधली पहाटेची मिस्सा त्यांनी एकदाही चुकवली नाही. वाडीतल्या केळींना यंदा घड चांगले धरले आहेत. शेजारच्या दिनानाथभाऊंनी विहिरीवर नवा पंप बसवला, त्यामुळे आता त्यांच्याकडे पाणी आणि आमच्याकडे आवाज असतो. माझे शाळेत शिकवणे नेहमीसारखे चालू आहे. एकूण सगळे ठीक आहे, आणि यापुढे जे लिहितो आहे ते तुम्ही शक्यतो बसून वाचावे.

दादा, मागच्या नाताळात तुम्ही आपला नवा वूलन सूट काकींच्या कपाटात टांगून गेलात (बहारीनला सूट लागत नाही, पंखा लागतो, असे तुम्हीच म्हणाला होतात). जाताना तुम्ही दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, कपाट फक्त डांबराच्या गोळ्या बदलायला उघडायचे. दोन, सुटाला पाणी लावायचे नाही. यातली पहिली गोष्ट माझ्या हातून मोडली आहे. मुलगी बघायला जायचे ठरले, आणि माझ्याजवळचा कोट लहानपणी चर्चमध्ये झालेल्या माझ्या कन्फर्मेशनच्या वेळचा निघाला, म्हणून काकींनी स्वतः कपाट उघडले. उंचीने आणि खांद्याने मी तुमच्यासारखाच, त्यामुळे सूट मला असा बसला की काकींच्या डोळ्यांत पाणी आले. (त्या म्हणाल्या, ज्युलियस दिसतो. मी ते कौतुक समजून घेतले.)

मुलगी पापडीची. विनी नाव, पोस्टात कारकून आहे. वडील बॅप्टिस्ट मास्तर, निवृत्त हेडमास्तर, अत्यंत कडक. शाळेत असताना ते मुलांच्या तोंडाचा नुसता वास घेऊन मधल्या सुट्टीत कोणी काय खाल्ले ते सांगत, अशी त्यांची ख्याती आहे. अशा माणसाकडे जायचे म्हणून मी २८ जानेवारीच्या रविवारी सकाळी लवकर निघालो, आणि तिथेच घात झाला. पापडीला माझा मित्र आल्बर्ट राहतो. त्या दिवशी हॉलमध्ये पत्त्यांची स्पर्धा होती आणि आल्बर्टचा जोडीदार आयत्या वेळी तापाने झोपला होता. मास्तरांकडे चारला जायचे, आता दहा वाजलेत, तोवर बस, असे आल्बर्टचे म्हणणे पडले. मी बसलो. दादा, तुम्हाला माहीत आहे, मी सिगारेटला आयुष्यात हात लावलेला नाही. पण आल्बर्ट एकीवर दुसरी पेटवतो, आणि आमच्या टेबलावरचे समोरचे दोघे त्याच्याही पुढचे निघाले. थंडी म्हणून खिडक्या बंद. साडेतीनला मी बाहेर पडलो तेव्हा आमचा तिसरा नंबर आला होता आणि तुमचा सूट राखेच्या डब्यासारखा झाला होता.

मास्तरांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने चहा आणि केक दिला. विनीने एकदा माझ्याकडे पाहिले, नाक किंचित आवळले आणि खिडकीपाशी जाऊन बसली. मास्तर मात्र समोरच्या खुर्चीवरून उठले आणि बाकावर माझ्या अगदी शेजारी येऊन बसले. पगार, शाळा, वाडी, आईवडील, सगळे विचारून झाले, तरी ते हलेनात. मध्येच माझ्या खांद्याकडे झुकत आणि डोळे मिटून दीर्घ श्वास घेत.  निघताना त्यांनी मला दारापर्यंत पोचवले आणि हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या रविवारी या. मग सांगतो. आणि येताना हाच सूट घालून या."

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ कोणीही काय काढील. घरी येऊन मी काकींना सांगितले. काकींनी कोट नाकाशी नेला आणि आपल्या बोलीत जे म्हणाल्या ते कागदावर लिहिण्याजोगे नाही. त्यांचेही मत तेच पडले की हा परीक्षेचा पेपर आहे. वास पुढच्या रविवारीही आला तर मुलगा ओढणारा, नाही आला तर एखाद्या वेळचा प्रसंग. वसईच्या लाँड्रीत चौकशी केली. ते लोक असले कपडे मुंबईला पाठवतात आणि दहा दिवसांनी परत आणतात. माझ्या हातात सहा दिवस होते, आणि पाणी लावायचे नाही हा तुमचा हुकूम होता.

सोमवारी सूट वाऱ्यावर टांगला. अंगणात कोंबड्या, म्हणून वाडीत, दोन केळींच्या मध्ये दोरी बांधून. मग काकींच्या लक्षात आले की केळीचा चीक एकदा कापडाला लागला की ते कापड फाटेल पण डाग जाणार नाही. म्हणून शाळा सुटेपर्यंत काकी त्या सुटावर छत्री धरून उभ्या होत्या. रस्त्याने जाणाऱ्या तिघांनी त्यांना सुटाच्या आत कोण आहे असे विचारले. संध्याकाळी वास घेतला. धूर होता तिथेच होता, फक्त ताजा झाला होता.

मंगळवारी दिनानाथभाऊंनी खायचा सोडा सुचवला. वास शोषून घेतो म्हणाले. मी दोन पुडे आणून कोटावर चाळणीने चाळले, अस्तरात घातले, खिशांत भरले आणि रात्रभर ठेवले. सकाळी झटकायला गेलो तर सोडा वूलमध्ये शिरून बसलेला. कपड्यांच्या ब्रशने दीड तास झाडला. तो कोटातून निघाला आणि माझ्यावर बसला. त्या दिवशी मी शाळेत गेलो तेव्हा हेडमास्तरीणबाईंनी मला फळा पुसणे शिपायाचे काम असल्याची आठवण करून दिली. वास मात्र निम्म्यावर आला होता, हे दिनानाथभाऊंच्या बाजूने सांगायला हवे.

तिथे थांबायला हवे होते. पण निम्मा गेला म्हटल्यावर माणसाला उरलेला जास्त येतो. बुधवारी काकींनी घरचे ताडीचे व्हिनेगर वाटीत ओतून बंद कपाटात सुटाखाली ठेवले. गुरुवारी सकाळी कपाट उघडले तर सुटाला डुकराच्या लोणच्याचा वास येत होता, आणि लोणचे सिगारेट ओढत असावे असे वाटत होते. तो आंबूसपणा घालवायला वाफ द्यावी असे मला सुचले. न्हाणीघरात बंब पेटवून, दार लावून, कोट खुंटीला टांगला. (वाफ म्हणजे पाणी नव्हे, असा मी तुमच्या हुकुमाचा अर्थ लावला. चुकला असेल तर मोठ्या मनाने माफ करा.) अर्ध्या तासाने दार उघडले. दादा, ओल्या वूलचा आणि ओल्या मेंढराचा वास एकच असतो, हे मला तोवर माहीत नव्हते. शिवाय वाफेने मुरलेला धूर जागा झाला. डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब झाली ती तेव्हाच. मी तिथेच पाटावर बसलो आणि मला पहिल्यांदा खरोखर रडू आले. विनीशी मी एक शब्दही बोललो नव्हतो. पण तिने नाक आवळले होते ते सारखे डोळ्यांपुढे येत होते, आणि आपण तिच्या लेखी कायमचे त्या वासाचे होऊन राहणार, हे सहन होत नव्हते.

शुक्रवारी मी फादरांकडे गेलो. कोट पिशवीत होता. चर्चमधल्या धूपदाणीचा धूप थोडा दिला तर चालेल का, असे विचारले. फादरांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले, मग म्हणाले की धूप हाही धूरच असतो. मी विचारले, दुसऱ्याने ओढलेल्या सिगारेटचा वास आपल्या अंगाला आला तर ते पापाच्या कबुलीत सांगावे लागते का?

"तू ओढलीस का?" फादरांनी विचारले.

"नाही."

"मग पाप नाही. नुसता वास आहे. घरी जा."

मी घरी आलो. दारातच दिनानाथभाऊंच्या पत्नी रुक्मिणीवहिनी उभ्या होत्या. त्या निशिगंध दादरच्या बाजारात पाठवतात. आठवडाभर आमच्या घरातून येणारे वास त्यांच्या ओटीपर्यंत पोचत होते आणि त्या काळजीत होत्या.  त्यांनी शनिवारची अर्धी टोपली फुले बाजारात न पाठवता आणून दिली. करंडीत तळाला केळीची पाने (चीक पुसून), त्यावर जुने धोतर, त्यावर सूट, वर पुन्हा धोतर आणि त्यावर फुले, असे थर लावून करंडी झाकून ठेवली. रविवारी दुपारी उघडली. दादा, धूर गेला होता. सोडा, व्हिनेगर, मेंढरू, सगळे गेले होते. नवरीच्या वेणीला येतो तसा वास येत होता. काकींनी छातीवर क्रूसाची खूण केली. मी बसमध्ये बसलो तर शेजारच्या बाईने पिशवी मांडीवर घेऊन मला जास्त जागा दिली.

मास्तर दारातच वाट बघत होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. बाकावर शेजारी बसले, झुकले, डोळे मिटले, श्वास घेतला. मग डोळे उघडले, पुन्हा एकदा घेतला, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मी घाबरलो.

"हाच का तो सूट?" त्यांनी विचारले.

मी हो म्हटले.

"तो वास कुठे गेला?"

खोटे बोलायचे मी ठरवले असते तरी मला सुचले नसते. मी पत्त्यांपासून सुरुवात केली आणि छत्री, सोडा, व्हिनेगर, बंब, फादर, निशिगंध, सगळे क्रमाने सांगितले. सिगारेट मी कधी ओढलेली नाही, हेही सांगितले. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी सांगितले, बारा वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीचे मोठे ऑपरेशन झाले, तेव्हा त्यांनी नवस केला होता की पुन्हा सिगारेट ओठांना लावणार नाही. बाई बऱ्या झाल्या. मास्तरांनी नवस पाळला. पण आधीच्या रविवारी बारा वर्षांनी प्रथम कोणीतरी तो वास घेऊन त्यांच्या घरात आले, आणि त्यांनी त्याच मिनिटाला मनातून होकार दिला होता. पुढच्या रविवारचे बोलावणे हे नुसते आणखी एकदा वास घेण्यासाठी होते.  आता मात्र काही सुचत नाही, विचार करायला वेळ द्या, असे ते म्हणू लागले.

तेव्हा विनी पहिल्यांदा बोलली. "बाबा, लग्न सुटाशी लावायचे नाही. माझे लावायचे आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गेल्या रविवारी मी नाही म्हणणार होते. त्या वासाने माझे डोके दुखत होते. बाबांसाठी गप्प राहिले. पण एक सांगा, एवढा त्रास कशाला घेतला? दुसरा कोट घालून यायचे होते."

मी म्हटले, "हाच घालून या असे मास्तर म्हणाले होते."

तिने थोडा विचार केला. "त्यांचे एवढे ऐकता, तर माझेही ऐकाल," ती म्हणाली, आणि आत जाऊन चहा घेऊन आली. मास्तरांच्या पत्नी स्वयंपाकघरात हसत होत्या, ते मला बाहेर ऐकू येत होते. मास्तरांनी कप उचलला, जरा वेळ हातात धरला आणि मग माझ्या पाठीवर थाप मारली. तो होकार होता असे काकी म्हणतात. माझेही तेच मत आहे, कारण विनी फाटकापर्यंत आली आणि मला तिने घरच्या पत्त्यावर पत्र टाकू नका, पोस्टातच माझ्या हाती द्या, तिकीट वाचेल, असे सांगितले.

लग्न ईस्टरनंतर मे महिन्यात ठरते आहे. तुम्ही रजा काढून यावे, तुमच्याशिवाय आमच्याकडे शोभा नाही.

तुमचा आज्ञाधारक (एक आज्ञा सोडून) भाऊ,
सिप्रियन

ता. क. वर मी बऱ्याच ठिकाणी सूट असे लिहिले आहे, पण बुधवारपासून पुढचे सगळे कोटाबद्दल आहे. पँट मी मंगळवारी रात्री, धीर सुटल्यामुळे, कपडे धुण्याच्या साबणाने धुतली. ती आता तुमच्या पोटरीपर्यंत येते. दोन्ही रविवारी मास्तरांचे लक्ष वरच होते, त्यामुळे दुसऱ्या रविवारी मी खाली माझी शाळेची पँट घातली ते त्यांना कळले नाही. विनीला कळले होते, असे तिने काल पत्रात लिहिले.

ता. क. २. आता ज्यासाठी पत्र लिहिले ते. काल मास्तर स्वतः बस बदलून नंदाखालला आले आणि मला वाडीत बाजूला घेऊन बोलले. त्यांच्या नवसात ओठ आहेत, नाक नाही, असे त्यांनी फादरांना विचारून खात्री करून घेतली आहे. बहारीनला तुमच्या ऑफिसात भरपूर सिगारेट ओढणारा एखादा सज्जन माणूस असेल, तर त्याचा एक जुना कोट मे महिन्यात येताना घेऊन यावा, अशी त्यांची विनंती आहे. माप कोणतेही चालेल. कृपा करून धुऊन आणू नये.