मागच्या खोलीतलं धुराडं

हिंटरबाख, १४ ऑक्टोबर १९८३

ती. वाल्बुर्गाताईस,
धाकट्या आंब्रोसचा शि. सा. न. वि. वि.

ताई, तो आवाज आठवतो का तुला? आधी भिंतीच्या पोटातून खाली उतरत येणारी घरघर, मग तळाशी लोखंडी गोळ्याचा ठणका, आणि मग सगळं शांत. आपण दोघं मागच्या खोलीत भिंतीला कान लावून बसायचो. तू म्हणायचीस, घराला खोकला झालाय आणि धुराडी साफ करणारा किलिअनचा बाप त्याचा घसा घासतोय. त्यावर मी चार ओळींची कविता केली होती आणि गुरुजींनी ती फळ्यावर लिहून मुलांकडून म्हणवून घेतली होती. मला ती अजून पाठ आहे. तुला नको असेल, म्हणून इथे उतरवत नाही.

हल्ली स्वयंपाकघराच्या धुराड्यातून तोच आवाज आला की माझं डोकं उठतं. बापाचा टापू आता किलिअनकडे आहे. माझ्याहून सात वर्षांनी लहान, बायको जाऊन चार वर्षं झाली, पाठ अजून ताठ, आणि छपरावर असा चालतो की मांजरानं पाहून शिकावं. तो यायचा असला की चाळीस वर्षं माझा संसार केलेली ओतिली सकाळीच खसखशीचा केक भट्टीत घालते. ओठांना रंग लावते. धुराड्याच्या काजळीपुढे ओठांना रंग, ताई. त्याला तिसरा तुकडा वाढते, आणि मला डॉक्टरांनी साखर वर्ज्य केली आहे हे तिला नेमकं त्याच दिवशी आठवतं. धुराडेवाला दारात येणं शुभ, त्याच्या कोटाच्या बटणाला हात लावावा, वर्ष चांगलं जातं, हे काय मी तुला सांगायला हवं? पण लावायचा म्हणजे लावून सोडायचा. ओतिली बटण धरून बोलत उभी राहते.

आता मुद्द्याचं. लेक रेनाटे नाताळला बाळाला घेऊन येते आहे. त्यांना मागची खोली द्यायची, तिथल्या धुराड्याला जोडलेली आईची हिरव्या फरशांची शेगडी पुन्हा पेटवायची, असं मी ठरवलं आहे. आई गेल्यापासून ती थंडच आहे. मी किलिअनच्या देखत हे बोललो आणि फसलो. तो म्हणाला, एवढी वर्षं बंद राहिलेलं धुराडं तपासल्याशिवाय पेटवायचं नाही. आत पाखरांनी घरटं केलेलं असतं, विटा सुटलेल्या असतात, त्यातून जुलैतल्या वादळानं तुमच्या छपराच्या कौलांची काय दशा केली ते सगळ्या गावानं पाहिलंय. मी आणखी एकदा येतो, म्हणाला. ओतिली लगेच म्हणाली, या ना भाऊजी, कधीही या.

मी जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन विचारलं, शेजारच्या टापूतला धुराडेवाला बोलावला तर चालेल का. तिथली बाई म्हणाली, तुमचं घर किलिअनच्या टापूत येतं, त्याच्या कामाबद्दल तक्रार आहे का? आता कामाबद्दल काय तक्रार सांगणार. परत आलो.

तुझी कंबर कशी आहे? जीव लावते आहेस तो तसाच लावत राहा.

तुझा,
आंब्रोस

*

लिंझ, २३ ऑक्टोबर १९८३

चि. आंब्रोसला अ. आ.

तुझं पत्र पोचलं. तीन पानं ओतिलीची आणि माझ्या कमरेला एक ओळ, तीही शेवटी. कंबर दुखते. पुढे वाच.

अरे, अडुसष्टाव्या वर्षी माणसं गुडघ्यांची काळजी करतात. तू बायकोच्या ओठांकडे बघत बसला आहेस. हे सगळं तू तिशीत केलं असतंस तर तिलाही बरं वाटलं असतं. तेव्हा तू देवदारांवर आणि बर्फावर कविता करत होतास, आणि ती पोर एकटी दळण-सरपण ओढत होती. मी डोळ्यांनी पाहिलंय.

किलिअन म्हणतो ते मात्र ऐक. आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या हाउसरबाईंनी गेल्या हिवाळ्यात जुनी शेगडी काढून नवी मोठी आणली आणि जुन्याच धुराड्याला जोडून टाकली. तपासणी नाही, काही नाही. आत वर्षानुवर्षांचं डांबर चढलं होतं, काळं, काचेसारखं चकाकणारं. एका दुपारी ते पेटलं. भिंतीतून आगगाडी जावी तसा आवाज येत होता म्हणे. बंबवाले आले म्हणून आम्ही आज पत्रं लिहितो आहोत. नंतर त्यांनीच आम्हाला सगळ्यांना उभं करून सांगितलं: वर्षातून एकदा धुराडं बघून घ्यायचंच, आणि शेगडी बदलली, घर विकत घेतलं, वादळ होऊन गेलं, आत कधी आग लागली, किंवा धूर उलटा खोलीत यायला लागला, तर वर्षाची वाट बघायची नाही.

एक विचारते. बाळाचं नाव ओतिलीच्या आईवरून ठेवलं, असं रेनाटेच्या कार्डावरून कळलं. आपल्या आईचं नाव कुणाला सुचलं नाही वाटतं. असो. मला काय त्याचं.

माया आहे म्हणूनच बोलते, हे विसरू नकोस.

तुझी,
वाल्बुर्गा

*

हिंटरबाख, ६ नोव्हेंबर १९८३

ती. वन्संना,
ओतिलीचा सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न दाखवता टाकते आहे. हे सकाळपासून खिडकीत बसून पहिल्या बर्फाची वाट पाहत आहेत, म्हणजे त्यांना कळायचं काही भय नाही.

तुम्ही त्यांना जे लिहिलंत ते त्यांनी मला वाचून दाखवलं, फक्त माझ्यावरचा भाग गाळून. मी तो टेबलावरून नंतर वाचला. वन्सं, तुम्ही एकट्याच मला समजून घेता.

किलिअनभाऊजींशी मी काय एवढं बोलते, ते सांगते. वसंतातच मागच्या खोलीच्या भिंतीत काहीतरी खसखसायला लागलं. काड्या पडल्यासारखं. सकाळी कावळ्याच्या जातीचे ते छोटे काळे पक्षी छपरावर भांडत असतात. मी भाऊजींना विचारलं, आत घरटं असेल तर काय होईल. ते म्हणाले, धूर वर न जाता घरात फिरेल, आणि त्यातलं जे वाईट असतं ते दिसतही नाही, वासही येत नाही त्याचा. तेव्हापासून मी दर वेळी त्यांना काही ना काही विचारत असते. ह्यांना सांगितलं तर हट्टाला पेटून उद्याच शेगडी पेटवतील. तुम्ही त्यांना ओळखताच. म्हणून म्हणते, तपासणी करून घ्यायला तुम्हीच लावा. तुमचं ऐकतात.

आता ओठांच्या रंगाचं. हे मात्र तुमच्यामाझ्यात. गेल्या वर्षी भाऊजी आले होते त्या दिवशी मी सहज लावला होता, भाचीनं दिलेली कांडी वाया जाऊ नये म्हणून. हे जेवताना सारखे माझ्याकडे बघत राहिले. रागानं, पण बघत राहिले. चाळीस वर्षांत ह्यांनी माझ्याकडे एवढा वेळ कधी पाहिलं नव्हतं. मग दुसऱ्या खेपेला मी केकही केला. भाऊजी बिचारे आपल्या गुडघ्यांचं रडगाणं गातात आणि खातात. हसू नका.

पंधरा तारखेला मी ग्राट्सला रेनाटेकडे जाते, आठ डिसेंबरला परत येईन. तोवर ह्यांच्यावर लक्ष असू द्या. बाळाच्या नावाचं मनात ठेवू नका. दुसरं नाव वाल्बुर्गाच ठेवलंय, ते कार्डावर मावलं नाही.

तुमच्या घरातली म्हणून जवळ ठेवा,
ओतिली

*

हिंटरबाख, २० नोव्हेंबर १९८३, रविवार

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

ओतिली ग्राट्सला गेली. जाताना किलिअनसाठी डब्यात केक ठेवून गेली, माझ्यासाठी बटाट्याचं सूप. डब्यावर त्याचं नाव चिठ्ठीवर लिहिलं होतं. मी केक खाल्ला.

आणि शेगडी मीच पेटवली. घर आपलं, धुराडं आपल्या आजोबांनी बांधलेलं, आणि काडी ओढायला मी कुणाची परवानगी मागू? पहिल्यांदा धूर सगळा खोलीत आला. लाकूड ओलं होतं. मग खिडकी थोडी किलकिली ठेवली तर नीट धरली. ताई, ती हिरवी फरशी तापायला लागली की जो वास येतो तो तुला आठवत असेल. दुपारभर आईच्या खुर्चीत बसलो. शाळेतल्या कविता एकामागून एक म्हटल्या. दोन जागी अडकलो, आणि अडकतो असं कधी होत नाही.

झोप लागली. उठलो तेव्हा डोकं असं जड, जणू लहान मापाची टोपी कुणी दाबून बसवली आहे. मळमळत होतं. दाराला धरून बाहेर पंपापाशी गेलो, गार वाऱ्यात थोड्या वेळानं बरं वाटलं. एकटेपणा असा अंगावर येतो, हे मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत ती इतके दिवस कधी गेली नव्हती. तिथे तिला माझी आठवण येते की नाही, कोण जाणे. किलिअनला तिनं कार्ड पाठवलंय, हे पोस्टातली लिंडनर सांगत होती.

आणखी काय लिहू. आठवणीत ठेव.

आंब्रोस

*

लिंझ, २४ नोव्हेंबर १९८३

आंब्रोस,

आशीर्वाद मागाहून. आधी ती शेगडी विझव.

एकटेपणानं मळमळत नाही, गाढवा. घरात डोकं जड आणि बाहेर पडल्यावर बरं, याचा अर्थ हाउसरबाईंच्या बंबवाल्यांनी आम्हाला सांगितला होता, आणि तो मी रात्रीचा आठवत बसले आहे. तो वायू दिसत नाही, वास येत नाही, माणसाला फक्त झोप येते. तू खिडकी किलकिली ठेवलीस म्हणून उठलास. नाताळात तिथे पाळणा ठेवणार होतास तू. रेनाटेनं थंडी म्हणून ती खिडकी लावून घेतली असती.

किलिअनला बोलाव. तुला त्याचा राग येत असेल तर येऊ दे, राग धरूनच बोलाव. ओतिली घरी नाही, म्हणजे तुझ्या डोळ्यांना त्रास व्हायचंही काही कारण नाही. नाही बोलावलंस तर मी ग्राट्सला फोन करते.

मला भाऊ एकच आहे.

वाल्बुर्गा

*

हिंटरबाख, १ डिसेंबर १९८३

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

कागदावरच्या काळ्या बोटांबद्दल रागवू नकोस. का ते पुढे येतंच आहे.

तू सुचवलंस ते मला पटलं, म्हणजे ओतिली नसताना बोलवायचं ते. ना केक, ना रंग. आपण आपलं काम करायचं आणि त्यानं त्याचं. आज सकाळी किलिअन आला. एकटाच, हाताखालचा माणूस तापानं पडलाय. मला म्हणाला, आंब्रोसदादा, खाली काजळी काढायच्या दारापाशी दिवा धरायला कुणीतरी लागेल. माझ्या कपड्यांची दैना होईल म्हणून स्वतःचा जुना कोट आणि काळी टोपी काढून दिली. मी घातली. त्याचा कोट मला खांद्यात बसतो, हे मी तुला मुद्दाम सांगतो.

तो वरून बोलत होता, मी खाली आरसा आणि दिवा धरून बसलो होतो. आरशात वर पाहिलं तर आभाळाचा तुकडा दिसायला हवा, असं तो म्हणाला. मला काळोख दिसला. मग त्यानं वरून गोळा सोडला, आणि ताई, ठणका आला नाही. घरघर मध्येच थांबली, मऊशा कशात तरी. काड्या, पिसं, मेंढीची लोकर, कुणाचा तरी मोजा. पोतीच्या पोती निघाली. माळ्यावर आईच्या कपाटामागे धुराड्याच्या भिंतीला हातभर भेग होती. तिच्याशेजारची तुळई करपून तपकिरी झाली होती. त्या रविवारी मी खाली कविता म्हणत होतो आणि वर ती तुळई भाजत होती. किलिअननं बोटानं ती घासून मला दाखवलं. मी माळ्यावरच पेटीवर बसलो. मला एकदम पाळणा दिसला. तू लिहिला होतास तो.

आतून पोलादी नळी घातल्याशिवाय ही शेगडी पेटवायची नाही, असं त्यानं खडूनं शेगडीवरच लिहिलं. नाताळपर्यंत होईल म्हणतो.

मग मीच कॉफी केली. केक नव्हता, पावावर चरबी फासून दिली. त्याला काही फरक पडला नाही, तेवढंच खाल्लं. मी धीर करून विचारलं, आमच्या मंडळी तुमच्याशी एवढं काय बोलत असतात. तो म्हणाला, धुराड्याचं. घरटं असेल का, भिंत तडकली असेल का, दादांना कसं सांगू, ते पेटवतील का. दर खेपेला तेच, म्हणाला, मला तर पाठ झालंय. आणि कार्डात काय होतं, म्हणून विचारलं. त्यानं खिशातून काढून पुढे ठेवलं. कृपा करून आमच्या घरी जाऊन बघा, ते एकटे आहेत, एवढंच. मी ते दोनदा वाचलं. माझ्या कवितांत मी तिच्याबद्दल एवढं सरळ कधी लिहिलं नाही.

मग ओठांचा रंग कशाला? हे मात्र मला त्याला विचारवलं नाही. धुराड्याची चौकशी रंग न लावताही करता येते. तुला काही सुचत असेल तर कळव. तू बायकांतली आहेस.

किलिअन आपली गाडी आमच्या दारात ठेवून पलीकडे रोझेनाउअरांकडे लांब शिडी मागायला गेलाय. तोवर हे पत्र पुरं करतो आहे, त्याच्याच कोटात, तोंड काळंच

ताई, फाटक वाजलं. किलिअन नाही. ओतिली आहे. आठ तारखेला यायची होती. हातात पिशवी, स्टेशनपासून चालत आलेली दिसते, नाक लाल झालंय. तू तिला फोन केलास काय?

तिनं दारातली गाडी पाहिली. आता काचेतून आत बघते आहे. तिला काळी टोपी, काळा कोट आणि काजळीचं तोंड दिसत असणार. ती हसली. असं हसू मी किती वर्षांनी पाहतो आहे, आणि ते कुणाला पाहून आहे ते मला कळत नाही, किलिअनला की मला. अजून हसते आहे. दारावर टकटक करते आहे.

तोंड धुवायला मोरीत पाणी आहे. मी तसाच जातो उघडायला.