गिरणीतली बाहुली

तंजावूर, नवरात्राची पहिली संध्याकाळ, १९९८

कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीच्या, पायऱ्यांवर दरवर्षी एक तरी नवी बाहुली मांडायची, ही आपली रीत. हे कामाला जायचे ती सूतगिरणी बंद पडली म्हणून वन्सं म्हणाल्या, "वहिनी, यंदा कोलू नकोच. बघायला येणाऱ्या बायका हसतील."

हसू देत! मंदी आली म्हणतात, जणू वादळच आलं. बाहेरचं स्वस्त सूत कुणी येऊ दिलं? आणि हे अजून सकाळी डबा मागतात, मग गिरणी बंद आहे हे आठवलं की डबा परत फळीवर ठेवतात.

गिरणीतल्या, सूत गुंडाळायच्या एका रिकाम्या बॉबिनला मी रेशमी चिंधी नेसवली, थेट देवांशेजारी बसवली. बायकांनी विचारलंच, "ही कोण?"

माझ्याआधी हेच बोलले, "आमची गिरणी."

दसऱ्याला रात्री एक बाहुली आडवी करून कोलू निजवतात, म्हणजे तो संपला. ही बॉबिन मात्र मी उभीच ठेवणार.