उजव्या डोळ्यातली हवा

४ मे
उजवा डोळा सुजून बंद. लिहायला डावा पुरतो.
काल संध्याकाळी गाडीवर तांदळाचा कट्टा बांधताना रबरी दोरीचा हूक सुटला आणि थेट डोळ्यावर बसला. दोरी जुनी होती. असली दोरी बदलून टाका, असं अख्ख्या कुडवा गावाला सांगणारा मीच. विचारलं तर फांदी लागली म्हणायचं.

९ मे
डॉक्टरकडे जाऊन आलो. डोळ्याच्या आतला एक थर भिंतीपासून सुटला आहे आणि आतलं पाणी भलत्याच वाटेने झिरपतं. प्रेशर चार. पाहिजे दहा ते वीसच्या मध्ये. म्हणाले, अशी केस आपल्याकडे वर्षा-दोन वर्षांत एखादीच येते. ऐकून जरा बरं वाटलं.
वीस वर्षं पंक्चर काढतो आहे, मला प्रेशर शिकवायची गरज नव्हती. तरी मान हलवत राहिलो. मोटरसायकलच्या मागच्या चाकाला बत्तीस लागतं, डोळ्याला पंधरा. किरकोळ काम आहे.
औषध: बाहुली मोठी करणारे थेंब, सहा आठवडे. जड उचलायचं नाही. तेवढ्याने जमलं नाही तर आतून टाके. टाके लागणार नाहीत.

१० मे, सकाळी
ट्यूबच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. त्यावर मार्करने पाच ओळी लिहिल्या, वरची मोठी, खाली बारीक होत गेलेल्या. भोजराज टायर वर्क्स. पंक्चर काढून मिळेल. गाडी सावलीत लावा. गडबड करू नये. थुंकू नये.
पलंगासमोर टांगला. रोज उठल्याबरोबर डावा डोळा तळहाताने झाकून उजव्याने वाचायचं. ठरलं म्हणजे ठरलं.
आज: तीन ओळी. सुरुवात चांगली.

१९ मे
थेंबांनी बाहुली एवढी मोठी झाली की उन्हात उभं राहवत नाही. त्यात मे महिना. शेजारचा उमेंद्र ट्यूब घेऊन आला आणि म्हणाला, भाऊ, तुमचा एक डोळा घुबडावानी दिसून राहिला. त्याची ट्यूब दोन तास थांबवली.
शांतपणे विचार केला. आपोआप बुजलेलं पंक्चर मी जन्मात पाहिलं नाही. मग नुसत्या थेंबांनी काय होणार? बंद केले. प्रेमिलाला सांगितलं नाही. बायकोमाणूस, घाबरते. बाटली रोज थोडी थोडी मोरीत ओततो.
आज: तीन ओळी.

२ जून
प्रेमिलाचा भाऊ ईश्वरदास तिरोड्याहून आला. त्याला काचबिंदू आहे. जेवण झाल्यावर खिशातून बाटली काढून डोळ्यात थेंब टाकले. कायचे म्हणून विचारलं तर म्हणाला, प्रेशरचे आहेत जिजाजी, चार वर्षं झाले टाकून राहिलो, प्रेशर कधी इकडचं तिकडे नाही.
डोक्यात लख्ख उजेड पडला. डॉक्टरने मला बाहुलीचे थेंब दिले, प्रेशरचे दिलेच नाहीत. विसरला असेल. गर्दी किती असते तिथे.
ईश्वरदासकडे जास्तीची बाटली होती. मागून घेतली.

११ जून
डोळा बोटाने दाबून पाहिला, टायर पाहतो तसा. मऊ लागला. थेंब कमी पडत असावेत. दोन वेळचे चार वेळा केले.
आज: चार ओळी. चौथी जरा पुसट, पण वाचली.

२७ जून
तपासणी. प्रेशर दोन.
मी म्हटलं, तुमचं मशीन एकदा तपासून घ्या. डॉक्टर म्हणाले, औषध दाखवा. प्रेमिलाने पिशवीतून दोन्ही बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. तिला सगळं माहीत होतं, हे मला तिथे कळलं. डॉक्टरांनी ईश्वरदासची बाटली उचलून तिच्यावरचं नाव वाचलं. मग म्हणाले, हे थेंब प्रेशर कमी करायचे आहेत.
बाहेर आल्यावर मी म्हटलं, प्रेशरचे म्हटल्यावर माणूस काय समजणार? प्रेमिला रस्त्यातच थांबली. म्हणाली, तापाची गोळी काय ताप चढवाले खाते का माणूस?
नागपूरला जाऊन लवकर टाके घाला म्हणतात.

६ जुलै
चुकीचे थेंब बंद झाले, म्हणजे आता प्रेशर आपसूक चढणारच. नागऱ्याला जाऊन महादेवासमोर बसून आलो. नागपूर पुढच्या आठवड्यात.
आज: चार ओळी.

२१ जुलै
नागपूर पुढच्या आठवड्यात नक्की. पावसात पंक्चर फार होतात, दुकान टाकून जाता येत नाही.
इथे कोण वाचतं, म्हणून खरं लिहितो. माणूस जागा असताना डोळ्यात सुई घालतात. मला भीती वाटते. खूप वाटते.

१२ ऑगस्ट
प्रेमिलाने ईश्वरदासला बोलावलं आणि दोघांनी मिळून मला गाडीत बसवलं. टाके पडले. काही वाटलं नाही. उगाच थांबलो.

२० ऑगस्ट
प्रेशर चौदा!!
नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड पाडलेलंच. म्हणाल्या, थर भिंतीला बसला, पण फार उशीर झाला. आतला पडदा सुरकुतला आहे, नजर येईल अशी आशा धरू नका. बाईंना माझा धंदा माहीत नाही. हवा टिकली की चाक चालतं.

३० ऑगस्ट, सकाळी ७
पाचही ओळी! थुंकू नये सुद्धा! मोठ्याने वाचलं, आतल्या खोलीत ऐकू जाईल असं. प्रेमिला दारातच उभी होती. रडायला लागली. आनंदाचं रडू.

३० ऑगस्ट, सकाळी ७.२०
डाव्यावरचा हात काढला. पुठ्ठा उलटा टांगलेला होता. कोरी बाजू पुढे.
मी झोपेत असताना तिने फिरवला. म्हणाली, मले पाहाचं होतं जी, तुम्ही काय वाचता ते.
डावा परत झाकला. कोरी बाजू आहे की लिहिलेली, उजव्याला कळत नाही.
१० मेला तीन ओळी दिसल्या नव्हत्या. एकच शब्द दिसला होता, भोजराज. तेव्हा तेवढा दिसत होता.