ड्रायव्हरने आणला ड्रायव्हर

कामरगाव, गुरुवार, १२ डिसेंबर २०२४. संध्याकाळ.

यंत्राला घाबरू नका, असं किती सभांतून गरजलो! आणि स्वतः? तीन दिवस वाचनालयाच्या जुन्या संगणकापुढे मुकाट बसलो होतो. जुनी सिस्टीम रखडते म्हणून तिच्याशेजारी लिनक्स ही दुसरी, फुकटातली सिस्टीम टाकली. ती चालली, पण वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारी फाइल, तिच्यात नाही. तो इंटरनेटवरून घ्यायचा, आणि त्याच्यावाचून इंटरनेटच नाही! उद्या मुली भरतीचे अर्ज भरायला येणार. मी शब्द दिलेला.

सकाळी चौकात चिडून बोललो, एका ड्रायव्हरपायी सगळं अडलं. दुपारी जीपवाले रफीकभाई दारात हजर.

"कुठी जाचं हाय, सर? तुमाले ड्रायव्हर पाह्यजे म्हने."

हसू आवरेना. मग सगळं समजावलं.

"म्हंजे कारंज्याहून आनाचा हाय ना? मंग मीच लागतो की!"

माझी चिठ्ठी आणि पेनड्राइव्ह घेऊन गेले. तिथल्या कॉम्प्युटर सेंटरमधून फाइल भरून पाचला परत.

पुढचं मात्र मीच केलं. फाइलसोबत आलेली माहिती वाचत एकेक ओळ टाइप केली. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा कोपऱ्यातली वायफायची खूण उजळली. टाळ्यांनी छाती इतकी कधी फुगली होती? असेलही. पण ती ऐट बोलण्याची होती, ही हातांच्या कामाची.

रफीकभाई मागून म्हणाले, "सर, आता भाषनात माह्यं नाव घ्याच. अर्धा ड्रायव्हर तं मीच व्हतो."

घेणार. आणि तीन दिवस मी घाबरलो होतो, हेही त्याच भाषणात सांगणार.