बेला दुकानासमोर बसायची

चामोर्शी

प्रिय रिना,

फोनवर सांगायला दोनदा सुरुवात केली. पण तुझ्या मागे वॉर्डात कुणीतरी हाका मारत होतं, आणि मी 'जेवलीस का' एवढंच विचारून फोन ठेवला. म्हणून आज लिहायला बसले आहे. इकडे रोवणी उरकत आली. बाजारात सात्या आल्या आहेत, वारुळावरच्या ताज्या छत्र्या. विकणारीनं तुझी आठवण काढली, तर मी उगाच पावभर घेऊन आले. एकटीनं खाववल्या नाहीत.

बेलाला, तुझ्या बाबांच्या त्या पोलिसातल्या कुत्रीला, घरी आणलं तेव्हा तू माझ्यावर रागावली होतीस. तुझा राग मला कळत होता. तुझ्या दहावीच्या सत्काराला तुझे बाबा आले नाहीत, कारण धानोऱ्याच्या रस्त्यावर सकाळपासून बेला पुढे आणि ते तिच्या मागे चालत होते. ती सुरुंगाचा वास घेत पुढे जायची. रस्ता साफ आहे असं तिनं ठरवल्याशिवाय पोलिसांची एक गाडी हलायची नाही. मलाही कमी राग नव्हता. तिच्या खोलीत कूलर, आपल्या घरात नुसता खडखडणारा पंखा! उन्हाळ्यात डांबरानं तिचे पाय पोळतात म्हणून तुझ्या जुन्या जीन्सचे मोजे शिवायला लावले होते मला. मी शिवता शिवता म्हटलं, "माझ्या पायाले कोनी शिवते का?" तर हे हसून म्हणाले, "सत्यशीला, तिचं नाक थकलं त मी घरी येनार नाई, समजून घे." गरम वाऱ्यात कुत्र्याची जीभ बाहेर लोंबते आणि नाक काम करेनासं होतं, म्हणून दहा-दहा मिनिटांनी सावली शोधून ते तिला पाणी पाजायचे. अधिकारी घाई करायचे, पण हे ऐकायचे नाहीत.

इतकी वर्षं मी सुरुंगाला भ्याले, आणि त्यांना नेलं मच्छरानं. डोक्यात गेलेला मलेरिया. गडचिरोलीच्या दवाखान्यात शुद्ध हरपली ती हरपलीच. तू आलीस, सगळं तूच पाहिलंस. मी त्या वेळी रडले नाही, हेही पाहिलंस. येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा द्यायचा होता, वंदनेची तयारी होती, तुझ्या आजीला धरायचं होतं. बायका आपसात कुजबुजत होत्या, ते माझ्या कानावर आलं होतं.

तिकडे बेलानं खाणं टाकलं. त्यांच्या हाताखालचा फैज तिला घेऊन निघायचा, तर ती गाडीत चढायची नाही. शेवटी वय झालं म्हणून तिला कामावरून कमी केलं, आणि एके दिवशी फैज तिला घेऊन दारात उभा. "वैनी, वामनभाऊच्या मागं हिले कोन हाय? नाई म्हनू नका." नाही म्हणायचं मी ठरवलं होतं. पण ती सरळ आत गेली, खुंटीवरच्या त्यांच्या जुन्या शर्टाखाली जाऊन बसली, आणि मी तिच्यापुढे पाण्याची वाटी ठेवली.

तिला घेऊन पहिल्यांदा बाजाराला गेले, तर बाबूभाईच्या खताच्या दुकानासमोर ती एकदम बसली. ओढली तरी उठेना. माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. लोक हसायला लागले. बाबूभाई बाहेर येऊन म्हणाले, "काऊन बाई, हिले युरिया पाह्यजे का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन फैजला फोन लावला.  तो म्हणाला, "वैनी, खतात अन् सुरुंगाच्या दारूत कधीकधी सारखाच वास असते. सापडलं की बसाचं, हे तिले शिकवलं हाय. ते तिचं काम करून राह्यली. भाऊ तिले शाबास म्हनत, चेंडू देत. तुमी काईच देल्लं नाई, म्हनून पाहत असंन."

पुढच्या बाजाराला चेंडू घेऊन गेले. ती बसली, मी भर रस्त्यात वाकून 'शाबास बेला' म्हटलं, आणि रिना, त्या म्हातारीनं अशी उडी मारली की माझा पदर सुटला. मग दर बाजाराला आमचं ते ठरूनच गेलं. बाबूभाई गिऱ्हाईक थांबवून म्हणायचे, "थांबा जी, तपासनी होऊ द्या." मला तुझ्या बाबांचं काम कधी कळलं नव्हतं. ते गेल्यावर कळलं, तेही खताच्या पोत्यांपुढे.

या उन्हाळ्यात तिची मूत्रपिंडं खराब झाली. डॉक्टरांनी सलाईन लावलं, औषधं दिली. मी पेज भरवायची, ती माझं मन राखायला चाटायची. आखाड लागला तशी उठेनाशी झाली. परवा दुपारी माझ्या पायावर डोकं ठेवून पडली होती. मी तांदूळ निवडत होते. पाय जड लागला म्हणून खाली पाहिलं.

फैज वर्दी घालून आला. मागच्या परसात खड्डा त्यानंच खणला, माती लोटली, सलाम ठोकला आणि तोंड फिरवून उभा राहिला. आणि मी रडले. शेजारची नीलाबाई धावत आली, "कुत्र्यासाठी एवढं कोनी रडते का?" म्हणाली. तिला काय सांगू? त्यांच्यासाठी रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं त्या दिवशी आलं.

तू कितीदा म्हणालीस, आई, नागपूरला चल. मी म्हणायची, तुझ्या बिल्डिंगीत कुत्रं चालत नाही. खरं कारण वेगळं होतं. संध्याकाळी रस्त्यावर पोलिसांची गाडी वाजली की बेला फाटकाशी जाऊन उभी राहायची, आणि मीही हातातलं टाकून तिच्या मागे जायची. गाडी पुढे निघून जायची. आम्ही दोघी थोडा वेळ थांबून आत यायचो. दोघी होतो तोवर त्यात काही वेडेपणा वाटला नाही. काल गाडी वाजली, आणि मी एकटीच फाटकात उभी होते. हे मला एकटीनं जमणार नाही, बाई. सुट्टी मिळेल तेव्हा ये, आणि मला घेऊन जा.

तुझीच,
आई