आतली खोळ

३ मार्च

चि. धाकट्यास दादाचे अनेक आशीर्वाद.

चार महिने तुझी पाठ दुखते आणि मला कळतं पत्राच्या शेवटच्या ओळीत. तुझ्या सूनबाईच्या वडिलांना मात्र आधी कळलं, आणि व्याह्यांनी आपल्या दुकानातली फोमची गादी घरपोच पाठवली. पाठवणारच. चाळीस वर्षं मी कापसाच्या गाद्या भरतोय. कुणी शिकवलं नाही, बोटं टोचून घेत शिकलो. तुझ्या लग्नातली गादी माझीच, तिच्यावर कधी पाठ धरली होती का? फोम म्हणजे पाहुण्याचं कौतुक, चार दिवस फुगलेलं, पुढे दबलेलंच. नवी गादी भरून पाठवतोय. महिनाभर तिच्यावर नीज, डॉक्टरच्या दारात जायची गरज पडणार नाही. व्याह्यांची गादी भिंतीला टेकवून ठेव, शोभेल.

माझ्यावरचा लोभ दबू देऊ नकोस.
दादा

२ एप्रिल

ती. दादांस शि. सा. न.

तीन आठवडे तुमच्याच गादीवर झोपलो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लिहिलं नाही, पण दुखणं तसूभर हललं नाही. फोमवरही तेच होतं. परवा व्याही आले आणि म्हणाले, दोन्ही गाद्यांवर दुखतं तर दोष गादीत नाही, उठा, डॉक्टरकडे चला. एक्स-रेत कमरेचा एक मणका पुढून कुरतडल्यासारखा दिसला. डॉक्टरीणबाईंनी माझं पोट पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. मग सीटी स्कॅन झाला. पोटातली मोठी धमनी फुगून मागच्या बाजूने फाटली आहे, तीही केव्हाचीच. बाहेर आलेलं रक्त मणक्याशी गोठून बसलंय, त्याच्या आडोशाने मी हिंडतोय. हा आडोसा कधीही सुटेल, असं त्या म्हणाल्या. उद्याच ऑपरेशन. पोट न फाडता, जांघेतून कापडी नळी नेऊन धमनीच्या आत बसवणार आहेत.

रागावू नका, माया असू द्या.
तुमचा धाकटा

९ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझ्या पत्राआधी सूनबाईचा फोन आला. नळी नीट बसली, गळती थांबली, तू चहा मागितलास. फोनवर सगळं मावणार नाही, म्हणून लिहितो.

आतलं कापड उसवलं तरी वरची खोळ कापूस धरून ठेवते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, गादी बरी आहे की. हे मी रोज बघतो. पण जन्मभर मी खोळ बाहेरून चढवली, डॉक्टरीणबाईंनी आतून चढवली. त्यांचा हेवा वाटतो, पण तो कारागिराचा, गोड. व्याह्यांचा वाटतो तो कडू. आपला माल बाजूला ठेवून त्यांनी तुला उठवलं. मी माझ्या मालासाठी तुला निजवून ठेवलं. माझ्या गादीवर तुझं काही बरंवाईट झालं असतं, तर फोमने घात केला असं मी चारचौघांत सांगितलं असतं. खरंच सांगितलं असतं. हे तुझ्या कानावर घातल्याशिवाय घास उतरेना.

व्याह्यांना माझा नमस्कार सांग. नको, राहू दे. त्यांचा पत्ता पाठव, मीच लिहितो. ते पत्र त्यांनी तुला दाखवायला आणलं तर वाचू नकोस.

लोभ ठेव. थोडा व्याह्यांवरही ठेव, मी बघणार नाही.
दादा